आत्याची हिमनदी

आमची मालूआत्या घरी आलेल्या फौजीला पाणी देता देता शब्दांचे अर्थ विचारायची. खिंड म्हणजे केवढी? सुळक्यावर बर्फ टिकतो का? हिमनदी वाहताना दिसते का? धरमतरच्या खाडीकाठी जन्म काढलेल्या बाईला हिमालयाचं काय पडलंय, असं नव्या माणसाला वाटायचं.

तिचे यजमान तिकडे फौजेत होते. हिमनदीला फट पडली, ते आत गेले, सापडले नाहीत, एवढं सांगून त्यांचा सोबती निघून गेला. आत्या माहेरी आमच्याकडे आली, मिठागरात कामाला लागली. कुंकू मात्र तिने पुसलं नाही.

पावसाळ्याआधी मिठाची रास पेंढ्याने झाकायची असे. त्याआधी ती मला जवळ बसवायची. राशीवर बोटांनी कडा काढायची, घळ काढायची. मग तळहाताने मधोमध रुंद वाट ओढायची आणि हळूच म्हणायची, "ही हिमनदी गो. बर्फाची, पण नदीच. दिसत नाय, तरी रोज जराशी सरकते. पोटात घेतलेलं खाली तोंडाशी आणून सोडते." हे तिला शाळेच्या गुरुजींनी सांगितलं होतं. भर उन्हात ती पांढरी रास बघता बघता माझे पाय गार पडायचे.

खाडीत गेलेली वस्तू भरतीला काठाला लागते, हे आम्ही लहानपणापासून बघतो. आत्याने बर्फालाही तोच नियम लावला होता. एकदा हळदीकुंकवात पेणच्या एका बाईने टोमणा मारला, की मालूबाय, तुझ्या नदीला भरती कधी?

आत्या हसली. "लांबून यायचंय बाय. उतार हाय, पण वाट मोठी."

पुढे तिला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. गावात हळदीकुंकू असेल त्या दिवशी ती घरीच आरशासमोर बसून स्वतःला कुंकू लावायची.

आत्या गेली तेव्हा अंगणात बायकांची कुजबुज सुरू झाली. हिरवं नेसवायचं की पांढरं? थोरल्या काकूने पांढरं लुगडं आणून ठेवलंही. मी चौथी शिकलेली, पाहुणे आले की चुलीपाशी लपणारी. आत गेले, आत्याच्या पेटीतलं हिरवं लुगडं काढलं आणि सगळ्यांसमोर काकूच्या मांडीवर ठेवलं.

"हेच नेसवा," मी म्हटलं. "तिचा माणूस अजून वाटेत हाय."

काकूने पांढऱ्या लुगड्याची घडी मोडली नाही. कुंकवाचा करंडा तिने हळूच माझ्याकडे सरकवला.