दातांच्या दिवसांतलं पाणी

एस.टी. सुरू झाली तरी आई खिडकीशीच उभी होती. शोभा, तू तिच्या मागे होतीस, बहुतेक शाळेच्या कपड्यांत. साल अठ्ठ्याऐंशी. माझ्या मांडीवर पाच महिन्यांची प्रज्ञा. यांना भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं. आई रडेल असं मला वाटलेलं. ती म्हणाली, "दातं निघताना लेकराला जप. हागवण लागली की पाणी तोड. ध्यानात ठिव."

भाईंदर पश्चिमेला खोली मिळाली. पाणी दिवसाआड यायचं, ते पिंपात साठवायचं. शेजारी सुशीलाबेन राहायच्या. माझ्या परभणीच्या हिंदीतलं 'कायकू' ऐकून त्या हसायच्या, पण दार कधी लावायच्या नाहीत.

सातव्या महिन्यात प्रज्ञाची लाळ गळायला लागली. हिरड्या सुजल्या. हाताला लागेल ते चावायची, माझा खांदासुद्धा. मी धुतलेलं बोट तिच्या हिरड्यांवरून फिरवायची, मडक्यातल्या गार पाण्यात भिजवलेला मऊ कपडा चघळायला द्यायची. तेवढ्यापुरती गप्प व्हायची. मग जुलाब सुरू झाले. "दांत आ रहे है, होताच है," सुशीलाबेन म्हणाल्या. हेही तेच म्हणाले. मी आईचं ऐकलं. पाणी बंद केलं, दूधही कमी केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. सुशीलाबेननी तिला माझ्याकडून घेतलं, खोल गेलेल्या टाळूवर हात ठेवला आणि चप्पल न घालताच रिक्षा थांबवायला धावल्या.

डॉक्टरांनी प्रज्ञाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही.

"पाणी किती देताय?"

"बंद केलंय. दात येतायत म्हणून."

"दातांनी लाळ गळते, मूल किरकिरतं. एवढे जुलाब दातांनी होत नाहीत, बाई. हे साठवलेल्या पाण्याने झालंय. आणि तुम्ही वरून तिला तहानेलं ठेवलंत."

त्यांनी मीठ-साखरेची पुडी दिली. उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून तिथेच बसून चमच्या-चमच्याने पाजायला लावलं. दुपारी तिने लंगोट ओला केला. सुशीलाबेन मोठ्याने हसल्या. मी हसले नाही. माझ्या मनात आपला भाऊ भगवान होता, तुझ्या-माझ्या आधीचा. घरात सगळे म्हणायचे, तो दातांत गेला.

तीन दिवसांनी पाणी पाजताना चमचा खालच्या हिरडीवर टक् वाजला. मी यांना हाक मारली. आईला पत्र लिहिलं: दात आला, तब्येत बरी आहे. बाकी काही लिहिलं नाही. सहा वर्षं नाही लिहिलं.

धाकटी झाल्यावर, तिच्या दातांच्या वेळी आई भाईंदरला आली. धाकटीलाही जुलाब लागले. मी पेलाभर उकळलेल्या पाण्यात चमचाभर साखर आणि छोटी चिमूट मीठ घालून पाजत होते. आई म्हणाली, "पाणी देऊ नको गं." मग मला सांगावंच लागलं. डॉक्टरांनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी पाणी द्याचं व्हतं?"

मी धाकटीला पुढचा चमचा पाजला.

"भगवान हात करायचा तांब्याकडं. म्या तांब्या लपिवला व्हता."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सुशीलाबेनच्या दारात बसून राहायची. दोघींना एकमेकींचं फारसं कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर पेला ठेवून म्हणाली, "किती मीठ, दाव एकदा." मी दाखवलं. तिने चव घेतली, परत करून पाहिलं.

परवा तू पत्रात विचारलंस, आई गावभर लेकरांना साखर-मिठाचं पाणी पाजत फिरते, सुनांवर ओरडते, हे तिला कोणी शिकवलं? म्हणून हे लिहिलं. तिला मात्र विचारू नकोस.

इथे मला सगळे परभणीची म्हणतात, गावात भाईंदरवाली. पूर्वी याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही. मुली घर म्हणजे ही खोलीच समजतात आणि ते बरोबरच आहे. माझ्यापुरतं विचारशील तर, गावाला मी घर म्हणते ते आता एवढ्यासाठीच, की मी ते पाण्याचं सांगूनही आई परत जाताना माझ्या दारात थांबून म्हणाली, "दिवाळीला ये. लेकरं घिऊन ये."