आन्तेचे कान

राव्दनावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. उभा जन्म तिने पार उत्तरेकडच्या पठारावर, रेनडिअरच्या कळपामागे काढला. आल्टा शहरातल्या दोन खोल्यांत ती राहायला आली तेव्हा भाऊ वारला होता, कळप पुतण्यांकडे गेला होता आणि तिच्या एकुलत्या एका मुलाला, आन्तेला, नदीवरच्या ठिसूळ बर्फाने गिळून बरीच वर्षं लोटली होती. त्याच्याबद्दल ती बोलत नसे. कुणी विचारलंच तर कॉफी पुढे सरकवायची.

त्या उन्हाळ्यात शहराच्या बागेत रेनडिअरच्या मादीचा ब्राँझचा पुतळा बसला. धरणीच्या पोटात अशाच एका मादीचं काळीज पुरलंय, ते धडधडतंय तोवर आपल्या माणसांना आशा आहे, ही आमच्या सामी लोकांची गोष्ट. मुलं येऊन पुतळ्याच्या बरगड्यांना कान लावत.

वहिनीला बघायला मीच नेलं. आमची माणसं जनावराचे कान आधी बघतात, कारण ज्याची खूण कानावर कापलेली, त्याचं ते जनावर. पुतळ्याच्या डाव्या कानाचं टोक छाटलेलं, उजव्याला खालून दोन खाचा. वहिनीने त्या खाचा बोटाने चाचपल्या.

"ही आन्तेची खूण आहे."

पुतळा करणारी सुन्ना आमच्यातलीच. ऐकून ती धावत वहिनीकडे आली. कान कोरे ठेवले असते तर आमचेच लोक हसले असते. एखाद्या घराची खूण घेतली असती तर बाकीच्यांनी तिला जगू दिलं नसतं. म्हणून तिने मुद्दाम वारस नसलेली खूण शोधली होती.

"मला वाटलं, ही आता कुणाचीच नाही, मावशी."

"नाहीच कुणाची," वहिनी म्हणाली. "बुजवून टाक."

शरद लागताना सुन्ना वेल्डरला घेऊन बागेत आली. वहिनीही आली होती. वेल्डरने सामान मांडलं तशी ती पुढे झाली आणि दोन्ही कानांवर तिने तळवे ठेवले.

"बुजवल्यावर ही कुणाची?"

"सगळ्या शहराची," सुन्ना म्हणाली.

"बिनखुणेचं जनावर सगळ्यांचं नसतं, पोरी. ज्याच्या फासात सापडेल त्याचं असतं." बराच वेळ तिने हात काढले नाहीत. मग म्हणाली, "राहू दे. त्याचं एक तरी राहू दे."

वेल्डर परत गेला. त्यानंतर वहिनी रोज बागेत जाऊ लागली. पिशवीत रेनडिअर खातात ते दगडफूल असायचं. ते ती पुतळ्याच्या तोंडापुढे पसरायची. मी एकदा चिडवलं, ब्राँझला हा चारा पचतो का.

"तुझ्या भावाला माझ्या हातचा रस्सा पचला. हिला काय होतंय?"

पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी मी सोबत होतो. मुलं बरगड्यांना कान लावून गेली. तुला कधी धडधड ऐकू येते का, असं मी वहिनीला विचारलं.

"मी ऐकायला येतच नाही, भावजी."

ती छाटलेल्या कानाशी वाकली आणि हलक्या आवाजात सांगू लागली. कळप पठाराकडे निघालाय. पुतणे बरे आहेत. नदी अजून नीट गोठलेली नाही, घाई करू नकोस.