तलावातला दिवा

बाळांनो, फोटोत तुम्हाला आवडलेल्या त्या तलावाचा मला संताप येतो. शहराला शोभा हवी म्हणून बंधारा घालून आमची वाहती नदी अडवली आणि तिच्यात हंसाच्या आकाराच्या होड्या सोडल्या. काल त्रिपुरी पौर्णिमेला मी तुमच्या आजोबांच्या नावाने द्रोणात दिवा सोडला. पूर्वी दिवा वळणापलीकडे दिसेनासा झाला, की मगच आम्ही घरी निघायचो. काल तो पायरीपाशीच घुटमळला. मी हाताने पाणी लोटलं, तरी परत आला.

“आजी, कसा छान थांबलाय! फोटो काढू?” शेजारची मुलगी म्हणाली.

“थांबला नाही गं, अडवलाय त्याला. नको काढूस.”

इतक्या वर्षांत नदीवर मी एकही दिवा विझताना पाहिला नव्हता. काल आजोबांचा दिवा माझ्यासमोर विझला.