दारातली तपासणी

आमच्या कारखान्यात फर्निचरला पॉलिश करणारा जो माणूस आहे, त्याला सगळे पॉलिशवाला म्हणूनच हाक मारतात. मी तिथला सुतार. लाकूड मी जोडायचं, चकाकी त्याने आणायची आणि गिऱ्हाइकाने कौतुक फक्त चकाकीचं करायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. मला त्याचा राग यायचा, पण माणूस इतका गरीब की राग टिकायचा नाही.

एके काळी तो भयंकर प्यायचा. तेव्हा मात्र त्याला माणसांची ददात नव्हती. दोस्त त्याला 'राजे' म्हणायचे. संध्याकाळी घरी पोचला नाही की भाऊ शोधायला निघायचा, शेजारी उचलून आणायचे, बायको दारात बसून रडायची. मग एकदाची दारू सुटली. वर्षभर त्याचं कौतुक झालं, पुढे कौतुकही सुटलं. न पिणं हे काही काम नाही, त्याची रोज दखल कोण घेणार! दोस्त दुसऱ्या फुटपाथने जायला लागले. भावाला वाटलं, आता हा मार्गी लागला, आपण सुटलो.

उरली फक्त बायकोची तपासणी. त्याच्या कामात लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लाकडावर चोळावी लागते, त्यामुळे कपड्यांना आणि हातांना वास कायमचाच. वहिनींनी त्यावर तोड काढली होती. तो दारात आला की त्या दोन्ही हातांनी त्याची मान धरून खाली वाकवायच्या आणि तोंडाचा वास घ्यायच्या. शर्टाचा नाही, हातांचा नाही, तोंडाचा. मग म्हणायच्या, "हात धुवा." म्हणजे आरोपी निर्दोष सुटला. ही तपासणी कित्येक वर्षं चालली. तो कुरकुरायचा, की घरात राहतोय की पोलीस चौकीत. मी म्हणायचो, चौकीत जेवण गरम मिळत नाही.

गेल्या वर्षी कधीतरी तपासणी बंद झाली. वहिनी दार उघडायच्या, लांबूनच "हात धुवा" म्हणायच्या आणि आत वळायच्या. तो मला फुशारकीने सांगत होता, की अखेर विश्वास बसला. पण महिनाभरातच त्याचा चेहरा उतरला. तिचं घरात लक्षच राहिलं नाही, म्हणाला. दूध तळाला लागतं, करपतं, तरी ही तेच समोर ठेवते, आणि मी मुकाट पितो.

एकदा दुपारी कपाटाच्या दाराला बोळा मारता मारता तो थांबला. "मिस्त्री, ती वास घ्यायची ना, तेव्हा तिचं कपाळ माझ्या गालाला लागायचं. तेवढंच होतं हो. आता आत नुसतं पोकळ आहे. ठोकून बघा, आवाज येईल."

मला असलं बोलणं झेपत नाही. मी रंधा मारायला घेतला.

त्यानंतर त्याने जे केलं ते ऐकून मी त्याला विचारलं, की अक्कल कुठे गहाण टाकली होतीस. घरी जाताना त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून छोटी बाटली घेतली, थोडी दारू कॉलरवर शिंपडली आणि उरलेली गटारात ओतली. तोंडाला थेंब लावला नाही. बायको जवळ येईल, मान वाकवेल, वास घेईल आणि तिला कळेल की दारू शर्टावर आहे, तोंडात नाही. तिला फरक कळायचाच. फार तर रागावेल, पण जवळ तर येईल. एवढाच त्याचा बेत.

वहिनींनी दार उघडलं. "हात धुवा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो तसाच उभा राहिला. आपण पिऊन आलो तरी हिला काही वाटत नाही, असंच त्याने धरलं. एवढ्यात आतून मुलगी बाहेर आली. लग्न झालेली मुलगी, त्या दिवशी आईला भेटायला आली होती. ती जागच्या जागी थांबली.

"आई, तुला वास येत नाही? बाबा पिऊन आलेत."

वहिनी परत दारात आल्या. त्यांनी त्याची कॉलर ओढून नाकाशी नेली. एकदा वास घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. गेल्या वर्षीच्या तापानंतर त्यांचं नाक मेलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. याला कळलं तर याला रान मोकळं होईल, ही भीती. तेव्हापासून त्या रोज स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून जिन्यावरची त्याची पावलं ऐकायच्या. एकसारखी पडताहेत की अडखळताहेत, त्यावर त्यांचा निकाल.

त्याने खरं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, पूर्वी निदान थापा तरी चांगल्या मारायचात."

तो बायकोपुढे वाकला. "तू बघ. तुला नेहमी कळायचं."

वहिनींनी दोन्ही हातांनी त्याची मान धरली, चेहरा त्याच्या तोंडाशी नेला आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. त्यांचं कपाळ गालाला लागलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, असं त्यानेच मला सांगितलं. मग त्या मागे सरल्या. हात धुवा म्हणाल्या नाहीत.

"मला खरंच कळत नाही हो," एवढंच म्हणाल्या. मुलीने त्याच संध्याकाळी त्यांची बॅग भरली.

मी मुलीच्या घरी जाऊन साक्ष दिली. हा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होता, शुद्धीत होता, शपथेवर सांगतो म्हणालो. वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, "दिवसभर होते हो. पण कोपऱ्यापासून घरापर्यंत?" आल्या पावली परत फिरलो.

तो अजूनही पीत नाही. मी हल्ली त्याला घरापर्यंत सोडायला जातो आणि खाली उभा राहतो. जिन्यावर तो प्रत्येक पाऊल नीट, एकसारखं, वाजवून टाकत चढतो. वर पोचला की कुलूप काढल्याचा आवाज येतो.