पनवेलात घर शोधताना: सुकट, पोपटी आणि सुनंदाचं नाक

पनवेलमधल्या समस्त बिल्डरवर्गाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. सॅम्पल फ्लॅटमधली फळं प्लास्टिकची असतात. चौदाव्या मजल्यावर, पोटात फक्त चहा असताना, मी एक पेरू आदरपूर्वक दाबून पाहिला. तो दबला आणि पुन्हा फुगला. अतिथीचा असा अवमान कुठल्याच शास्त्राला मान्य नाही.

पण क्रमाने सांगतो. मी साताऱ्याचा, निवृत्तीला टेकलेला संस्कृतचा मास्तर. माझी बायको सुनंदा मूळची पनवेलची. गेल्या वर्षी तिला ताप आला, आणि जाताना तिच्या नाकातला गंध घेऊन गेला. फोडणी करपली तरी तिला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास देत राहा, येईलही परत.

"मग पनवेललाच जाऊ," ती म्हणाली. "माझ्या ओळखीचे वास सगळे तिकडेच आहेत." तिची बहीणही तिकडेच, हा मुद्दा तिने जरा हळू आवाजात मांडला.

ठरलं ते असं: दोन दिवस घरं बघायची आणि मधे मधे खात हिंडायचं. कुठेही तिला वास आला तर घर घ्यायचं. नाही आला तर सातारा आहेच.

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली तर दुपारच्या आत पनवेल येतं. स्टँडबाहेर रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. बसल्यावर ठरवायला गेलात तर ते ठरलेलंच असतं. घरं दाखवायला जनूशेठ आले होते. घराण्याची भातशेती आणि मिठागरं होती, आता ते त्याच जमिनीवरचे फ्लॅट दाखवतात. सुनंदा इथलीच म्हटल्यावर ती 'ताई' झाली आणि मी आपोआप 'भावोजी'. चार फ्लॅट पाहिले. वर सांगितलेला पेरू दुसऱ्यातला.

संध्याकाळी मोहल्ल्यातल्या एका जुन्या बेकरीत गेलो. बेकरीवाल्या चाचांनी भट्टीतून पावाची लादी काढली. "घ्या बाई, एकदम ताजा. खुशबूनेच पोट भरेल." सुनंदाने पाव नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि मग तो मला दिला. पाव उत्तम होता. चहात बुडवायला दोन जास्तच घ्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात सुकटीकडे. सुकी मासळी विकायला मोरा बंदराहून आलेली मावशी बोंबलांच्या ढिगामागे बसली होती. माझ्यासारखा वरणभाती माणूस रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. सुनंदा थेट टोपलीवर वाकली.

"काय गो, काय शोदतंस?"

"वास बघते, मावशी."

"आनि?"

सुनंदाने नकारार्थी मान हलवली.

"मंग तुज्या नाकाला काय तरी झायलाय बाय! माजे सुकटीला नावां ठेवू नको." दोघी एवढ्या हसल्या की मीही रस्ता ओलांडला. दुपारी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण ती जेवली (मी अंडाकरीपर्यंत मजल मारली), पण अर्धी भाकरी तशीच उरली. न्यायशास्त्रात पृथ्वीचं लक्षणच मुळी गंध. माझ्या बायकोला तिच्याच गावची माती लागेना.

तेव्हा जनूशेठ म्हणाले, "ताई, आज आमच्याकडं पोपटी हाय. चला."

वाचकहो, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की या भागात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंबही नाही. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. त्या रानपाल्याचा उग्र वास म्हणजेच पोपटी, असं सुनंदा लग्नापासून सांगत आली आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि मडकं जाळात होतं. जनूशेठनी वर पाणी शिंपडलं, चर्र झालं. "झाली!"

सुनंदा धुराकडे तोंड करून उभी होती. एकदम वळली. डोळ्यांत पाणी. "अहो, आला! भांबुर्ड्याचा वास आला!"

मी चारचौघांत बायकोचा हात धरणाऱ्यांतला नाही. त्या दिवशी धरला.

जेवून हात धुताना जनूशेठ माझ्याजवळ आले. "भावोजी, ताईंना सांगू नका. यंदा भांबुर्डा गावलाच नाय. जिथं उगवायचा तिथं आता टॉवर. केलीची पानां कोंबली. पन त्या इतक्या खूश झाल्या, मंग आमी काय बोलणार?"

मी हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेल्या चारांतला तिसऱ्या मजल्यावरचा, बहिणीच्या गल्लीतला फ्लॅट नक्की केला.

साताऱ्याला परत येऊन आठवडा झाला. पनवेलला जरूर जा. थंडीत जा, आणि उपाशी जा. आम्ही उन्हाळ्यात कायमचे जाऊ. सुनंदा सामान बांधताना गुणगुणते आहे, ते मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. ती हा ब्लॉग वाचत नाही, तिच्या मते मी पाल्हाळ लावतो. म्हणून इथे लिहितो. ती खोटं बोलली याचा मला राग नाही. माहेरी जायची ओढ होती, की माझं उतरलेलं तोंड तिला बघवलं नाही, तेही मी विचारणार नाही. भीती एकच वाटते. उद्या तिला खरंच काही दुखलं-खुपलं, तर माझ्याकडे बघून ती अशीच हसून "बरंय" म्हणेल, आणि मी विश्वास ठेवीन.