नकाशातल्या रस्त्याने

मला वाटलं होतं, पुण्यात परतले की वर्षभरात माझ्याकडे आलेख जमतील. जमले ते किस्से. नेदरलँड्समध्ये दोन वर्षं नगरनियोजन शिकले आणि एक वाक्य पाठ करून आले : कष्टकऱ्याचं घर कामाजवळ असलं की शहराचा धूर आपोआप कमी होतो. इथे प्रादेशिक नियोजनाच्या कार्यालयात रुजू झाले, तर या वाक्यावर कोणाचाच वाद नव्हता. वाद असता तर निदान चर्चा झाली असती.

माझ्याकडे आलेलं काम साधं होतं. मार्केट यार्डातल्या हमालांसाठी परवडणारी घरं. जागा दोन : एक यार्डामागच्या बंद गोदामाची, दुसरी शहरात नुकत्याच घेतलेल्या एका गावाच्या माळावर, नदीपलीकडे. कोणती ते शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं.

*

माझी पहिलीच बैठक होती ‘रस्त्यावरची वाहनं कमी कशी करावीत’ या विषयावर. अकरा माणसं, अकरा गाड्या. कोणाच्या मागे कोणाची गाडी अडकली हे सोडवण्यात पाऊण तास गेला.

आमचे साहेब, देशपांडे सर, निवृत्तीला आलेले. मला म्हणाले, “इतिवृत्त तुम्ही लिहा. मराठी येतं ना अजून?”

चार पानं लिहिली. सरांनी त्यातलं एकच वाक्य ठेवलं : आवारात पार्किंग अपुरे आहे.

*

मग हमालांचं सर्वेक्षण. फॉर्ममध्ये ‘कामावर कसे जाता’ याला पर्याय होते मोटार, दुचाकी, रिक्षा, बस. चालत जाणाऱ्यांसाठी रकानाच नाही. मग ‘वाहन नाही’वर खूण करायची, आणि पुढे छापलेलं होतं : वंचित.

दत्तूअण्णा तीस वर्षं यार्डात पोती उचलतायत. भाड्याच्या खोलीतून दहा मिनिटांत चालत येतात. पहाटे पहिला ट्रक लागतो तेव्हा हजर नसलं तर त्या दिवसाचं काम गेलं. त्यांनी फॉर्म वाचायला लावला आणि शांतपणे म्हणाले, “वाहन नाही म्हणून वंचित? अहो ताई, वाहन घ्यायला लागलं तर होईन.”

निघताना मात्र त्यांनी विचारलं, घरं नदीपलीकडे देणार म्हणतात ते खरं का. तसं झालं तर एक तरी सुटणार, घर किंवा यार्ड.

*

आमच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या सुमनमावशींना अशाच एका योजनेत लांब घर मिळालेलं. त्या राहतात मात्र मंडईजवळ, बहिणीच्या पोटमाळ्यावर. मी भाबडेपणाने विचारलं, नवं घर कसं आहे?

“छान आहे की,” मावशी म्हणाल्या. “दिवाळीला जाते. झाडून येते.”

*

आता माझा स्वतःचा किस्सा. दोन्ही जागांचा येण्याजाण्यातला धूर मोजायचं गणित मीच केलं होतं. निकाल विचित्र आला : माळ आणि गोदाम जवळजवळ सारखेच. सर खूश. “तुमच्याच आकड्यांनी माळ पास झाला. जागाही मोकळी, कटकट नाही.”

मला झोप लागेना. बुधवारी बसने माळ बघायला निघाले. दोन बस बदलल्या, खालच्या पुलापर्यंत वळसा घातला, आणि निम्मा दिवस संपला. नकाशात तर माळापासून यार्डाच्या दिशेला सरळ, रुंद रस्ता होता, नदीवर पूल होता.

माळाच्या कडेला बापू भेटले, गावातले जुने शेतकरी. मी नकाशा दाखवून विचारलं, हा विकास आराखड्यातला, डीपी रस्ता कुठे आहे?

बापूंनी नकाशा उलटा करून पाहिला, मग सुलटा. “हितंच हाय की. माझं लगीन ठरलं तवा मापं घिऊन गेले. आता नातू साळंत जातो.”

“आणि पूल?”

“त्याचीबी मापं घेतलीत.”

समोर नदी होती, काठापासून काठापर्यंत जलपर्णीने भरलेली. मी जिथे शिकले तिथे नकाशात रस्ता असला की जमिनीवर असतो. मी तो नकाशावरूनच गणितात धरला होता. त्यावरून शेकडो हमालांना रोज नेलंही होतं.

*

गुरुवारी सकाळी सरांच्या आधी येऊन बसले. ते आल्याबरोबर सांगितलं की गणित चुकलं, चूक माझी, अहवाल मागे घेते.

सर म्हणाले, अहवाल छापून झालेत, समितीच्या सदस्यांना गेलेत. तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात. आणि हळू आवाजात, “अहो, त्या रस्त्याच्या आखणीवर पहिली सही माझीच आहे.”

बैठकीची सूचना काढणं माझंच काम होतं. अहवाल मागे घेत असल्याचं पत्र वर ठेवलं, खाली नवी सूचना टाइप करून दोन्ही सहीला त्यांच्यापुढे सरकवली : उद्याची बैठक सकाळी साडेआठ वाजता नियोजित जागेवर, माळावर होईल. सर्व सदस्यांनी मार्केट यार्डपासून नकाशात दर्शविलेल्या रस्त्यानेच यावे.

सरांनी ती दोनदा वाचली. चष्मा पुसला. दोन्हीवर सही केली, आणि ड्रायव्हरला फोन लावला.

“उद्या गाडी नको. होडी कुठे मिळते बघ.”