होड्यांचे नवे रंग

आज आमच्या दाराला ऑइलपेंट दिला आणि त्या वासाने मला नरपडचा किनारा आठवला. तिसरीतल्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांना मी तिथे होड्यांवरची नावं वाचायला न्यायचे. एक मुलगी सगळी नावं धडाधड सांगायची. नारळी पौर्णिमेआधी होड्या नव्याने रंगवल्या आणि तिला एकही नाव सांगता येईना. तोवर ती होड्या रंगावरूनच ओळखत होती. "राहू द्या बाई, तिला नाय जमायचं," तिचे वडील म्हणाले. मग आम्ही दोघींनी रोज वाळूत अक्षरं काढली. पौर्णिमेला, पूजेसाठी सजलेल्या त्यांच्या होडीवर बोट ठेवत तिने वाचलं, "ज-ल-प-री." वडील म्हणाले, "ती आपलीच, पाठ असंल. शेजारची वाच." तिने सावकाश तीही वाचली, आणि कोणी न सांगता त्यापुढची. इकडे दाराच्या रंगाच्या वासाने डोकं उठलं म्हणून घरचे खिडक्या उघडतायत. मी मात्र दाराजवळच बसलेय.